धनुष्याच्या हंगामातला क्रॉसबो: चार हंगाम वापरल्यानंतरचा अभिप्राय

चार हंगामांपूर्वी, वयाच्या ५६व्या वर्षी, मी क्रॉसबो, म्हणजे चाप ओढून बाण सोडायचे आडवे धनुष्य, विकत घेतला, आणि दुकानातून आणून तो गाडीत ठेवताना मला चक्क लाज वाटत होती. त्याआधीची अकरा वर्षे मी अमेरिकेतल्या मिशिगनच्या जंगलात चाकांचे धनुष्य, म्हणजे कंपाउंड बो, घेऊन हरणांची वाट पाहत बसत आले होते, आणि धनुष्याच्या हंगामात, म्हणजे धनुष्याच्या शिकारीसाठी राखलेल्या दिवसांत, क्रॉसबो घेऊन येणाऱ्यांविषयी आमच्या टोळक्यात जे काही बोलले जाई, त्यात माझाही आवाज असे. मग उजव्या खांद्याच्या स्नायूची शस्त्रक्रिया झाली. ४५ पौंड ताणाचे धनुष्य पुन्हा ओढायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले, आणि ऑक्टोबरमध्ये घरी बसायचे की ज्याला नावे ठेवली तेच हत्यार हातात घ्यायचे, एवढीच निवड उरली.

हा अभिप्राय कोणत्याही एका कंपनीच्या मॉडेलचा नाही, म्हणून माझ्याकडच्या मॉडेलचे नावही मी मुद्दाम लिहीत नाही. मी घेतलेला क्रॉसबो मधल्या किमतीचा, दुर्बीण, सहा बाण आणि ओढदोरीसह सुमारे ९०० डॉलरचा आहे. त्याचे जे गुण आणि दोष पुढे लिहिले आहेत, ते त्या किमतीच्या बहुतेक सगळ्या क्रॉसबोंना लागू पडतील. शिवाय या वस्तूचा विचार तिच्या हंगामापासून वेगळा काढून करता येत नाही. बंदुकीच्या हंगामात कोणी क्रॉसबो वापरला तर त्याचे कोणालाही काही वाटत नाही. खरा वाद तो धनुष्याच्या हंगामात चालावा की नाही याचा आहे, आणि त्या परवानगीने नेमके काय बदलले, हे जाणून घेतल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत, असे माझे मत आहे.

ज्यांना इथल्या हंगामांची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. मिशिगनमध्ये पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा धनुष्याचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होऊन १४ नोव्हेंबरपर्यंत चालतो. १५ ते ३० नोव्हेंबर हा बंदुकीचा हंगाम असतो, आणि १५ तारीख आठवड्याच्या कोणत्याही वारी आली तरी उत्तरेकडच्या गावांत त्या दिवशी अघोषित सुट्टीच असते. डिसेंबरात पुन्हा धनुष्याची पाळी येते. बंदूकवाल्यांना दोन आठवडे आणि धनुष्यवाल्यांना त्याच्या कितीतरी पट अधिक दिवस, ही वाटणी अन्यायाची वाटू शकते, पण तिच्यामागचा हिशेब साधा होता. धनुष्याने हरीण मारणे इतके अवघड आहे की कितीही दिवस दिले तरी कळपाला फारसा धक्का बसत नाही. विस्कॉन्सिनने १९३४ मध्ये आणि मिशिगनने १९३७ मध्ये, तेही मोजक्या काउंट्यांपुरते, असे स्वतंत्र हंगाम सुरू केले, तेव्हा हातात लाकडी धनुष्ये होती. आमच्या राज्यातल्या या खेळाचे दैवत म्हणजे फ्रेड बेअर. १९४७ मध्ये डेट्रॉइट सोडून ग्रेलिंग गावात कारखाना थाटणारा हा धनुष्यकार जी धनुष्ये बनवत असे, ती ओढून धरल्यावर दोन-तीन सेकंदांतच हात थरथरू लागतो. अवघडपणा हाच त्या लांबलचक हंगामाचा आधार होता. क्रॉसबोवरचा आक्षेप नेमका इथे बोट ठेवतो: अवघडपणा काढून घेतला, तर लांब हंगाम कशाच्या बळावर द्यायचा?

आता वस्तूकडे वळते. क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारख्या दस्त्यावर आडवे बसवलेले धनुष्य. जुलैच्या एका संध्याकाळी मागच्या अंगणात मी तो पहिल्यांदा ताणला, तो क्रम अजून बोटांत आहे. पुढच्या टोकाला घोड्याच्या रिकिबीसारखी लोखंडी कडी असते, तीत पाय घालून सगळा भार त्यावर द्यायचा. दस्त्यामागच्या खाचेतून ओढदोरी घ्यायची, तिचे दोन आकडे धनुष्याच्या दोरीला मध्यभागापासून डावीकडे-उजवीकडे सारख्याच अंतरावर अडकवायचे, आणि कंबर न वाकवता, विहिरीतून भरली बादली शेंदावी तसे सरळ वर ओढायचे. कट् असा आवाज येतो, दोरी चापाच्या पकडीत बसते आणि सुरक्षा-खटका आपोआप लागतो. आकडे एका बाजूला अर्धा सेंटिमीटर जरी सरकले, तरी दोरी तिरकी बसते आणि २० यार्डांवर बाण हातभर बाजूला जातो, हे पहिल्याच आठवड्यात कळले. त्यावर उपाय म्हणून मी पांढऱ्या दोऱ्याने दोरीवर दोन खुणा बांधून घेतल्या. माझ्या क्रॉसबोचा ताण १८५ पौंड आहे, पण ओढदोरी कप्पीसारखे काम करत असल्याने हाताला त्याच्या निम्माच भार लागतो. तोही माझ्या खांद्याला जड जातो, म्हणून दुसऱ्या वर्षी दस्त्याला जोडायचा हातरहाट घेतला. तो फिरवायला अर्धे मिनिट लागते, पण नात असेल तर तीही फिरवू शकेल.

बाण, ज्याला इथे बोल्ट म्हणतात, सुमारे २० इंचांचा असतो. त्याच्या तीन पिसांपैकी एका पिसाचा रंग वेगळा असतो, आणि ते खालच्या पन्हळीत बसवून बाण दोरीला टेकेपर्यंत मागे सरकवायचा. तो टेकला नाही आणि तरी चाप ओढला गेला, तर दोरी बाणाऐवजी हवेवर आपटते. अशा रिकाम्या सुटकेत धनुष्याच्या दोन बाजूंच्या कमानी तडकू शकतात. बऱ्याच नव्या क्रॉसबोंत बाण नसताना चाप अडवणारी सोय असते, ती पाहूनच घ्यावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे डाव्या हाताचा अंगठा. धरताना तो पन्हळीच्या वर आला, तर सुटणारी दोरी त्याचे पेर घेऊन जाते, आणि ही अतिशयोक्ती नाही. या हत्याराची सर्वांत परिचित दुखापत तीच आहे. अंगठा वर येऊ नये म्हणून दस्त्याला पंख जोडलेले असतात, पण थंडीत जाड हातमोजा घातला की त्या पंखांचाही भरवसा उरत नाही.

दोष लिहायला बसले तर वजनापासून सुरुवात करावी लागेल. दुर्बिणीसह माझा क्रॉसबो आठ पौंडांच्या आसपास भरतो आणि त्यातले बहुतेक वजन पुढे असते, त्यामुळे मचाणावर आधाराशिवाय तो दोन मिनिटेही स्थिर धरवत नाही. ताणलेल्या अवस्थेतही कमानींची रुंदी फूटभराहून अधिक आहे, म्हणून पहिल्या वर्षी मचाणाच्या कठड्याला ती आपटून एक मादी पळाली. अंधार पडल्यावर घरी निघताना बाण सोडल्याशिवाय क्रॉसबो उतरवता येत नाही, यासाठी एक जुना, बोथट टोकाचा बाण आणि मातीचा ढिगारा रोज लागतो. वरच्या किमतीच्या काही मॉडेलांत रहाट उलटा फिरवून दोरी सावकाश सोडता येते, ती सोय माझ्याकडे नाही आणि तिची उणीव मला प्रत्येक संध्याकाळी जाणवते. दोरीला मेण आणि पन्हळीला तेल नियमाने लावावे लागते. दुर्बिणीचे स्क्रू दुकानदाराने नीट आवळले नव्हते, हे मला साठ-सत्तर बाण मारल्यानंतर समजले, तोवर मी माझ्याच डोळ्यांना दोष देत होते.

एवढे दोष असूनही हे हत्यार यशस्वी का होते, याचे उत्तर जाहिराती वेगात शोधतात, पण ते वेगात नाही. आकडे पाहू. ४०० ग्रेन (सुमारे २६ ग्रॅम) वजनाचा बाण कंपाउंड धनुष्यातून साधारण २९० फूट प्रति सेकंद वेगाने सुटला, तर त्यात सुमारे ७५ फूट-पौंड ऊर्जा असते. तेवढ्याच वजनाचा बाण क्रॉसबोने ४०० फूट प्रति सेकंद वेगाने सोडला, तर ती १४२ वर जाते. कागदावर हा फरक दुपटीचा दिसतो, पण हरणाच्या फासळ्यांतून आरपार जायला ७५ सुद्धा भरपूर होतात, त्यामुळे उरलेली ऊर्जा पलीकडच्या मातीत जाते. खरा फरक हा की क्रॉसबो आधीच ताणलेला असतो. धनुष्याच्या शिकारीतला सर्वांत कठीण क्षण नेम धरण्याचा नसतो, दोरी ओढण्याचा असतो: हरीण वीस यार्डांवर आले आहे, त्याचे कान तुमच्याकडे वळले आहेत, आणि त्याच्या नजरेसमोर कोपर मागे नेऊन ती हालचाल लपवायची आहे. माझ्या अकरा वर्षांत जेवढी हरणे हातची गेली, त्यांतली बहुतेक त्या दीड सेकंदात गेली. क्रॉसबोमध्ये तो दीड सेकंदच नाही. दस्ता गुडघ्यावर, दुर्बीण डोळ्याला आणि खटका पुढे, एवढेच. ज्याने कधी धनुष्य ओढलेले नाही, त्याला मी काय म्हणते आहे ते कळणारही नाही, आणि ज्याने ओढले आहे तो पहिल्याच सकाळी म्हणेल की ही फसवणूक आहे. मी तसे म्हटले होते.

वेगाबद्दलचा खरा गैरसमज मात्र महाग पडतो, आणि मला तो पडला. पहिल्या हंगामात, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी, ४२ यार्डांवर एक मादी आडवी उभी होती. दुर्बिणीत ५० यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या, अंगणात ४० वर मी कागदी थाळीएवढ्या गोलात बाण बसवत होते, म्हणून चाप ओढला. क्रॉसबोचा आवाज मोठा असतो, फळी आपटल्यासारखा. बाणाला ४० यार्ड जायला एक तृतीयांश सेकंद लागतो आणि आवाजाला एक दशांशाच्या जवळपास, म्हणजे हरणाच्या कानावर आवाज पडल्यानंतर बाण पोहोचेपर्यंत सुमारे दोन दशांश सेकंद उरतात. उडी घेण्याआधी हरीण पाय दुमडून खाली बसते, आणि तेवढ्या वेळात ते बसूही शकते, वळूही शकते. ती मादी बसता बसता वळली. बाण फुप्फुसाऐवजी मागे, पोटात लागला. दुर्बिणीतून मला तिची पाठ कमानीसारखी वाकलेली दिसली आणि काय झाले ते तिथेच कळले.

पोटात बाण लागलेल्या हरणाच्या मागे लगेच जायचे नसते, निदान काही तास थांबायचे असते. नाही तर ते उठून मैलभर पळते. आम्ही रात्रभर थांबलो. सकाळी साखळीला बांधलेला माग काढणारा कुत्रा आणला, इथे तशी परवानगी आहे, आणि त्याने दुपारी बाराच्या सुमारास ओढ्याकाठच्या बोरूत तिला शोधून काढले. कोयोटींनी, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या रानटी प्राण्यांनी, मागचा भाग खाल्लेला होता. मांस गेले, आणि मला त्याहून जास्त बोचले ते हे की ४५ पौंडांच्या धनुष्याने मी ४२ यार्डांवर कधीच बाण सोडला नसता. हातात ते धनुष्य असताना माझी मर्यादा २५ होती. ती मला कोणी शिकवली नव्हती, हाताच्या थरथरीनेच ती घालून दिली होती. क्रॉसबोला थरथर नाही, त्यामुळे मर्यादा आठवून पाळावी लागते. अंतराचा अंदाज चुकला तर काय होते, हेही मी नंतर अंगणात मोजून पाहिले: २० यार्डांची खूण लावून ३० वर मारले तर बाण तीन-चार इंच खाली लागतो, हरणाच्या काळीज-फुप्फुसाचा भाग आठ-दहा इंचांचा असल्याने तेवढे निभावते. तीच दहा यार्डांची चूक ५० आणि ६० च्या दरम्यान झाली, तर बाण सात-आठ इंच खाली जातो, आणि ते निभावत नाही. जाहिरातीत शंभर यार्डांवर फुगे फोडून दाखवतात. फुगा आवाज ऐकून खाली बसत नाही.

आता परवानगीच्या परिणामाविषयी. मिशिगनमध्ये २००९ पूर्वी धनुष्याच्या हंगामात क्रॉसबो फक्त विशेष परवाना मिळालेल्या अपंग शिकाऱ्यांना चालत असे. त्या वर्षी राज्याच्या नैसर्गिक संसाधन आयोगाने दक्षिण भागात तो जवळजवळ सर्वांना आणि उत्तरेकडे पन्नाशी ओलांडलेल्यांना खुला केला, आणि पुढच्या काही वर्षांत वयाच्या अटी सैल होत गेल्या. त्याच वर्षी पेन्सिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी या राज्यांनीही हंगाम खुला केला. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास राहणाऱ्या आपल्या लोकांना कदाचित माहीत नसेल, पण त्यांच्या परसातल्या तगरीपेक्षा महागड्या झुडपांवर ताव मारणारी हरणे त्या राज्यात मोठ्या प्रमाणावर धनुष्याच्याच हंगामात कमी केली जातात, कारण वस्तीजवळ बंदूक चालत नाही. विस्कॉन्सिनने २०१४ मध्ये क्रॉसबोला स्वतंत्र परवाना दिला. न्यू यॉर्कने त्याच वर्षी हंगामाच्या शेवटच्या तुकड्यापुरता हात सैल सोडला, आणि ओरेगॉनने आजवर कोणत्याही हंगामात क्रॉसबोने शिकार करू दिलेली नाही. दुसऱ्या टोकाला आर्कान्सा आणि ओहायो ही राज्ये आहेत, जिथे १९७० च्या दशकापासूनच, ओहायोत १९७६ पासून, क्रॉसबो चालतो.

ओहायोचे उदाहरण दोन्ही बाजूंचे लोक देतात, आणि दोघेही त्यातून हवे तेवढेच घेतात. क्रॉसबोमुळे हरणे संपतील ही भीती तिथे तरी खोटी ठरली: परवानगीनंतरच्या तीन दशकांत कळप अनेक पटींनी वाढला, आणि २००९-१० च्या हंगामात सगळ्या हत्यारांनी मिळून अडीच लाखांच्या वर हरणे मारली गेली. मात्र तो कळप क्रॉसबोमुळे वाढला नाही, मक्याची शेते, तुकड्यातुकड्यांची जंगले आणि माद्यांच्या संख्येवरची बंधने यांमुळे वाढला, आणि तो वाढत असताना कोणतेही हत्यार निरुपद्रवी दिसले असते. म्हणून ओहायोचा दाखला देताना थोडे सांभाळूनच द्यावा.

मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये परिणाम वेगळ्या प्रकारे दिसला. मिशिगनमध्ये दशकभरात धनुष्याच्या हंगामातल्या निम्म्याहून अधिक शिकाऱ्यांच्या हाती क्रॉसबो आला. विस्कॉन्सिनमध्ये परवाने वेगळे असल्याने हिशेबही वेगळा ठेवला जातो, आणि तिथे थोड्याच वर्षांत क्रॉसबोने मारलेली हरणे उभ्या धनुष्याने मारलेल्या हरणांहून अधिक भरू लागली. दोन्ही राज्यांत एकूण शिकारी मात्र घटतच आहेत. मिशिगनमध्ये ही घसरण या शतकाच्या आरंभापासूनची आहे. क्रॉसबो नवे शिकारी आणील, हा परवानगीच्या बाजूचा मुख्य मुद्दा होता. माझ्या ओळखीच्या जंगलात त्याने प्रामुख्याने दोन प्रकारची माणसे आणली: माझ्यासारखी, ज्यांना एरवी सोडावे लागले असते, आणि बंदूकवाली, जी पूर्वी १५ नोव्हेंबरची वाट पाहत असत आणि आता २५ ऑक्टोबरलाच येऊन बसतात. अगदी कोरी, तरुण माणसे मी फार कमी पाहिली.

या दुसऱ्या प्रकारामुळे शिकार वाढली त्याहून जास्त ती पुढे सरकली. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा हा हरणांच्या माजाचा काळ असतो. एरवी अंधारातच फिरणारे मोठे नर त्या दिवसांत भरदिवसा माद्यांच्या मागे धावतात. पूर्वी त्या दिवसांत जंगलात धनुष्यवाले थोडेच असत आणि त्यांचे नेमही पुष्कळ चुकत. आता सरकारी शिकार-क्षेत्राच्या गाडीतळावर ५ नोव्हेंबरच्या पहाटे जागा मिळत नाही, आणि मोठ्या नरांतले काही बंदुकीचा हंगाम उघडण्याआधीच उचलले गेलेले असतात. बंदूकवाल्यांची तक्रार हीच आहे, आणि ती खरी आहे. गंमत एवढीच की तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या गाडीत आता क्रॉसबोही असतो.

जुन्या धनुष्यवाल्यांची तक्रार निराळी आहे. धनुष्याने मारलेल्या मोठ्या शिंगांच्या नोंदी ठेवणारा पोप अँड यंग क्लब, जो १९६१ पासून आहे, क्रॉसबोने मिळवलेले शिंग नोंदीत घेत नाही. त्यांच्या मते जे हाताने ओढून हातानेच ओढलेले धरावे लागते, तेच धनुष्य. ही व्याख्या मला पटते. क्रॉसबो हे धनुष्य नाही, हे चार हंगामांनंतर मी बिनदिक्कत लिहू शकते. पण त्यावरून तो धनुष्याच्या हंगामात नसावा, असे आपोआप ठरत नाही. मिसुरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांना कंपाउंड धनुष्याचे पेटंट १९६९ मध्ये मिळाले, आणि त्यातल्या चाकांमुळे पूर्ण ओढल्यावर हातावर मूळ ताणाहून बराच कमी भार उरू लागला, तेव्हा हेच सगळे शब्द त्या चाकांविषयी वापरले गेले होते. आज क्रॉसबोला नाक मुरडणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हातात तीच चाके असतात, माझ्याही होती.

माझे शेजारी, ७८ वर्षांचे निवृत्त वाहन-कामगार, अजून लाकडी धनुष्य वापरतात आणि वर्षाआड एखादे हरीण मिळवतात. माझा क्रॉसबो त्यांनी एकदा हातात घेऊन पाहिला, दुर्बिणीतून समोरच्या कुंपणावरची खार पाहिली, आणि तो परत देत एवढेच विचारले की आता जुलैत सरावाला येणार की नाही. प्रश्न वरवर साधा होता. पूर्वी जुलै ते सप्टेंबर रोज संध्याकाळी आम्ही दोघे तीस-तीस बाण मारत असू, कारण न मारल्यास ऑक्टोबरात खांदा साथ देत नसे. क्रॉसबोची दुर्बीण पाच बाणांत जुळते आणि नंतर वर्षभर तशीच राहू शकते. पाच बाण मारून जंगलात आलेला माणूस निर्जीव फळ्यावर माझ्याइतकाच अचूक असतो. त्याला अंतर ओळखता येत नाही, हरणाचा कान कधी वळेल ते कळत नाही, आणि बाण लागल्यावर थांबायचे की धावायचे, हेही त्याला माहीत नसते. परवानगीचा हा परिणाम कोणत्याही सरकारी पाहणीत मावणार नाही, पण माझ्या मते तोच सर्वांत मोठा आहे.

व्हिसावर असलेल्या आपल्या मंडळींसाठी एक वेगळी नोंद. संघराज्याच्या कायद्यात क्रॉसबो बंदूक ठरत नाही, त्यामुळे बंदूक घेताना होणारी पार्श्वभूमीची तपासणी त्याला लागत नाही आणि व्हिसाधारकांवरची बंदुकीविषयीची बंधनेही त्याला लागू होत नाहीत. शिकारीचा परवाना मात्र हवाच, आणि मिशिगनमध्ये १ जानेवारी १९६० रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांना त्याआधी सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. हरीण मिळाल्यावर ७२ तासांच्या आत ऑनलाइन नोंद करणे २०२२ पासून सक्तीचे आहे. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकारीवर कडक बंधने आल्याला पन्नासहून अधिक वर्षे झाली, त्यामुळे यातले काहीच आपल्या अंगवळणी पडलेले नसते. कोल्हापुरातली माझी धाकटी बहीण फोनवर दर ऑक्टोबरात विचारते, "ताई, अजून जातेस का गं हरणांच्या मागे?" आणि दर डिसेंबरात विचारते की त्या मांसाचा तांबडा रस्सा मटणासारखा होतो का. होत नाही, चरबी नसल्याने तेल सढळ घालावे लागते आणि कुकरला दोन शिट्ट्या कमी द्याव्या लागतात.

घ्यायचाच असेल तर दुकानात कागदावरचा वेग पाहू नका. तो ताणून दाखवायला सांगा, मग स्वतः तीनदा ताणून पाहा, आणि तिसऱ्यांदाही ओढदोरीचे आकडे समान बसतात का ते बघा. ताणलेल्या अवस्थेतली रुंदी मोजा. बाण न सोडता उतरवता येतो का ते विचारा. येत असेल तर त्यासाठी दोनशे डॉलर जास्त गेले तरी हरकत नाही. कॅनडात बनणाऱ्या एक्सकॅलिबरसारख्या बिनचाकांच्या क्रॉसबोची दोरी घरच्या घरी बदलता येते, चाकांच्या क्रॉसबोला त्यासाठी दुकानच गाठावे लागते. उलट बिनचाकांच्या कमानी रुंद असतात आणि लपणाच्या तंबूत अडतात. विस्कॉन्सिनच्या रेव्हिन किंवा ओहायोच्या टेनपॉइंटची वरची मॉडेले दोन हजार डॉलरच्या पुढे जातात. त्यांची बांधणी खरोखर सुंदर आहे, पण त्या जादा पैशाने जे अंतर विकत मिळते, तेच अंतर हरणावर वापरू नये असे मी वर लिहून बसले आहे.

खांदा, मनगट किंवा वय आड येत असेल, तर मी क्रॉसबोची बेलाशक शिफारस करते; पाचपैकी चार गुण. ज्याचा खांदा धड आहे त्याने निदान पाच वर्षे साधे किंवा चाकांचे धनुष्य ओढावे आणि मग हवे तर याच्याकडे यावे. त्याच्यासाठी मी दोन गुण देईन. हंगामाविषयी विचाराल, तर परवानगी काढून घ्यावी असे मला वाटत नाही, पण विस्कॉन्सिनसारखी स्वतंत्र मोजणी प्रत्येक राज्यात व्हावी, कारण कोणत्या हत्याराने कधी किती हरणे पडली हे ठाऊक नसताना हंगामाचे दिवस ठरवणे म्हणजे अंधारात बाण मारणे आहे.

माझ्या मचाणाभोवतीच्या झाडांना मी आता ३० यार्डांवर पांढऱ्या फिती बांधल्या आहेत. गेल्या तीन हंगामांत त्या फितींच्या आत चार हरणे आली. त्यांतल्या तीनवर बाण सोडला आणि तिन्ही साठ पावलांच्या आत पडली. फितींच्या बाहेर किती उभी राहिली ते मी मोजलेले नाही. दोरीचे मधल्या भागात धागे सुटू लागले आहेत, चार हंगामांत तेवढे होणारच. ऑगस्टात ती बदलून घ्यायची आहे, आणि त्याआधी जुलैत शेजारच्या आजोबांकडे रोज सहा वाजता जायचे आहे.